माझा पोचा काढू नका

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या कडेला मोठा पोचा पडलाय, रंग उडालाय आणि माझं झाकण सरळ उघडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघितलं की लोकांना पहिल्यांदा हेच दिसतं. घरी आलेली एखादी पाहुणी म्हणते, "अगं, टाक आता हा भंगारात, स्टीलचा घे एखादा." मी ऐकून घेतो. पण मी भंगारात जाणार नाही आणि माझा पोचाही कुणाला काढू देणार नाही. का, तेच सांगायला आज बसलोय.

तुमच्यातले काही जण हसतील. मोबाईलच्या खेळाची गोष्ट आणि सांगणार कोण, तर ज्वारीचा डबा. हसा खुशाल. मोबाईल तुमच्या हातात असतो, खिशात असतो. माझ्या तर तो पोटात होता, चांगले दोन महिने. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा मला तुमच्याइतकाच हक्क आहे.

माझा जन्म करमाडच्या बाजारातला, सतरा वर्षांपूर्वीचा. एका पत्रेवाल्यानं ताडपत्रीच्या सावलीत बसून जस्ताचा पत्रा कापला, लाकडी ठोकळ्यावर ठोकून गोल केला आणि डाख देऊन सांधा बुजवला. मग पाणी भरून मला पालथा-उताणा करून बघितलं. एक थेंब गळला नाही. "पोरगी आजी व्हईल तवर टिकंल," असं तो गिऱ्हाईकाला म्हणाला. ते गिऱ्हाईक म्हणजे नाना. त्यांच्या लेकीचं, रत्नमालाचं लग्न ठरलं होतं आणि तिला आंदण द्यायला त्यांनी मला घेतलं. माझ्या अंगावर लाल ऑईलपेंटनं नाव घातलं, 'रत्नमाला सोमनाथ'. पेंटरला जागा पुरली नाही, म्हणून शेवटचा 'थ' खालच्या ओळीत एकटाच उभा आहे. तो अजून आहे. बाकीची अक्षरं पुसट झाली, पण 'थ' काही हटला नाही.

माझ्यात पंधरा किलो ज्वारी मावते. सासरी आल्यावर पहिली चौदा वर्षं मी करमाडजवळच्या गावातच काढली. सोनिया तिथंच जन्मली, माझ्या कडेला धरून उभी राहायला शिकली. तीन वर्षांपूर्वी सोमनाथ आणि रत्नमाला लेकीच्या शाळेसाठी शहरात आले. उस्मानपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. सोमनाथ कंपनीच्या बसनं शेंद्र्याला ड्युटीला जातात, म्हणजे रोज पुन्हा गावाच्या दिशेनंच जातात. रत्नमाला शिवणकामाच्या एका कारखान्यात लागली. ती साडेपाचला घरी येते. स्टीलचे चकचकीत डबे फळीवर चढले आणि मी ओट्याखाली गेलो. मला त्याचं काही वाटलं नाही. भाकरीचं पीठ माझ्याकडूनच येत होतं.

आता गिरणीचं सांगतो, कारण पुढं सगळं तिथंच घडलं. आमच्या गल्लीच्या टोकाला लीलाबाईंची गिरणी आहे. तिथं माणसं रांगेत उभी राहत नाहीत, डबे राहतात. आपला डबा रांगेत ठेवायचा आणि घरी निघून जायचं. तासाभरानं यायचं आणि दळण घेऊन जायचं. कुणी कुणाचा डबा मागं सरकवत नाही. सरकवला तर लीलाबाई त्या माणसाचं दळण दळत नाहीत, मग तो कुणीही असो. आधी सगळ्यांचे गहू होतात, मग ज्वारी-बाजरी. मी तिथं ऐटीत उभा राहायचो. रत्नमाला घरी धुणं धुवत असली, तरी तिचा नंबर मी धरून असायचो.

आणि सोनिया? ती त्या वेळी शहरातल्या नव्या शाळेत आपला नंबर शोधत होती. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, गणित कुणाला आवडतं. ही उभी राहून म्हणाली, "सर, मला लई आवडतं." अख्खा वर्ग हसला. पुढं महिनाभर मुली तिला 'लई' म्हणूनच हाक मारत होत्या. हे मला फार नंतर कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती बोलायची कमी झाली एवढंच आम्ही बघितलं. शाळेत नवीन आहे, रुळेल, असं आई-बाप म्हणाले.

मग तिला सोमनाथचा जुना मोबाईल मिळाला, कारण शाळेचा अभ्यास त्यावर यायचा. अभ्यास आला आणि त्याच्या मागोमाग तो खेळही आला. चार जणांची टीम करायची, लढायचं, जिंकायचं. टीममधले तिघं कुठल्या कुठल्या गावचे. त्यांनी सोनियाला कधी बघितलं नव्हतं. पण ती नकाशा एका नजरेत पाठ करते, शत्रू कुठून येणार ते आधी ओळखते, हे त्यांना दोन दिवसांत समजलं. ते तिला कॅप्टन म्हणू लागले. मित्रांनो, मी त्या खेळाचा वैरी आहे, पण खोटं बोलणार नाही. कानाला यंत्र लावून ती हुकूम सोडायची तेव्हा तिचा आवाज इतका मोकळा असायचा की, मला गावातली सोनिया आठवायची.

पण मग दुसरं काही उरेना. आधी एक तास, मग तीन, मग शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत. एका हातानं जेवायची. भाकरी वाळून जायची. चाचणीचे पेपर दप्तरातच दडू लागले. आत्याच्या मुलीच्या हळदीला गेली नाही, पोट दुखतं म्हणाली. आई बोलली की अंगावर धावून जायची. मग एका रविवारी नाना आले. तेच नाना, ज्यांनी मला विकत घेतलं. नातीला बघायला करमाडहून एसटीनं आले होते, पिशवीत बोरं आणली होती. दोन तास बसले. सोनिया त्यांच्यासमोर भिंतीला टेकून खेळत होती. तिनं मान वर केली नाही. नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी बोरं बघून तिनं विचारलं, "नाना आले होते का?"

रत्नमाला भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, उठली आणि सोनियाच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. खेळ ऐन रंगात होता.

पुढचं मला सांगायला आवडत नाही. सोनिया किंचाळली. आईच्या हाताला झोंबली. मोबाईल मिळेना, तेव्हा तिनं समोर जे दिसलं त्याला लाथ मारली. समोर मी होतो, अर्धा रिकामा. मी जाऊन ओट्याच्या कोपऱ्यावर आदळलो आणि माझी कड आत दबली. ज्वारी घरभर झाली. इतक्या वर्षांत मला साधा ओरखडा आला नव्हता, आणि मारलं कुणी, तर माझीच कड धरून उभी राहायला शिकलेल्या पोरीनं.

तेव्हापासून माझं झाकण अडतं. पोच्याच्या अगदी शेजारी एक मूठ मारायची आणि समोरच्या बाजूनं उचलायचं, तरच ते निघतं. ही युक्ती रत्नमालानं शोधली. सोमनाथना ती कधीच जमली नाही.

आता मोबाईलचं काय करायचं? फोडून टाकता येत नव्हता, कारण अभ्यास त्यावरच यायचा. म्हणून रत्नमालानं ठरवलं, संध्याकाळी अर्धा तास समोर बसवून द्यायचा आणि एरवी लपवायचा. आमच्याकडच्या बायका जपायची वस्तू धान्यात ठेवतात. कानातले असोत की जन्माचा दाखला, ज्वारीत खोल घातला की निर्धास्त. तिनं मोबाईल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळला आणि माझ्या तळाशी खुपसला. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण लेक रडली की सोमनाथ विरघळतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी तेव्हाच विरोध केला होता. म्हणजे मनातल्या मनात. कानातले गुपचूप पडून राहतात, दाखला गुपचूप राहतो. हा पठ्ठ्या राहीना. थोड्या थोड्या वेळानं थरथरायचा. कुणीतरी बोलावतंय, कुणीतरी लढाई सुरू केलीय, कॅप्टन कुठं आहेस. माझ्यातली ज्वारी त्याच्याभोवती हलायची. पत्रेवाल्यानं मला ज्वारीसाठी घडवलं होतं. मी तुरुंग नाही. पण माझं मत कुणी विचारलं नाही.

आठ दिवसांत सोनियाला जागा सापडली. कशी, ते ऐका. संध्याकाळी अभ्यासाला मोबाईल मिळाला, तेव्हा त्याच्या मागच्या कव्हरात ज्वारीचा एक दाणा अडकलेला तिला दिसला. तिनं तो नखानं काढला, बघितला आणि तोंडात टाकला. आईला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला शाळेतून आल्या आल्या ती माझ्यासमोर बसली. एकदा मूठ चुकली, दुसरीही चुकली, तिसऱ्या मुठीला झाकण निघालं. मग कोपरापर्यंत हात आत घातला.

त्या दिवसापासून रोज दुपारी एक ते पाच. पाचला मोबाईल पिशवीत, पिशवी तळाशी, वरची ज्वारी हातानं सपाट आणि झाकण घट्ट. रत्नमाला आली की ही पुस्तक उघडून बसलेली. आरडाओरडा थांबला होता, अंगावर धावून जाणं थांबलं होतं. रत्नमालाला वाटलं, आपला उपाय लागू पडला. जिन्यात शेजारणीला ती अभिमानानं सांगायची, "माझी सोनी सुधारली बघा. मोबाईलचं नावसुद्धा घेत नाय." एवढंच तिला कोडं पडायचं की डब्यात पडून असलेल्या मोबाईलची बॅटरी इतकी उतरते कशी. "जुना झालाय, टिकत नाय आता," असं स्वतःच उत्तर द्यायची.

आणि मी सगळं बघत होतो. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. आई मुलीपासून लपवते, मुलगी आईपासून लपवते आणि दोघींचं लपवणं माझ्याच पोटात. त्या दोन महिन्यांत मला स्वतःची जितकी चीड आली, तितकी पोचा पडला तेव्हाही आली नव्हती.

मग तो शनिवार उजाडला. आदल्या दिवशी रत्नमालानं मला गळ्यापर्यंत भरलं होतं, निवडून पाखडून. मोबाईल तळाशीच होता. संध्याकाळी कामावरून आल्यावर तो काढायचा आणि मग दळण न्यायचं, असं तिनं मनाशी योजलं होतं. पण त्या दिवशी सोमनाथना सुट्टी होती. बायको दमून येते, आपण तेवढं एक काम करून टाकू, असा चांगला विचार त्यांच्या मनात आला. दुपारी चार वाजता त्यांनी मला उचललं.

सोनिया दारातच उभी होती. दुपारी पप्पा घरात असल्यामुळे तिला त्या दिवशी माझ्याजवळ येताच आलं नव्हतं, आणि पाच वाजता, आई यायच्या आत उरकेल अशी, तिच्या टीमची मोठी लढत होती. महिनाभर ते चौघं तिची तयारी करत होते.

"पप्पा, डबा कुठं नेऊ लागलात?"

"गिरणीत. तुझी मम्मी येईस्तवर दळण आणून ठेवतो."

"मी नेते ना."

सोमनाथ थांबले. कित्येक महिन्यांत पोरीनं आपणहून काम मागितलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. "नको बाई, जड हाय. तू अभ्यास कर," म्हणाले आणि मला स्कूटरवर पुढं ठेवून निघाले. सोनियाला एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं असतं, तर तिला डब्यातलं कसं ठाऊक, हे पुढच्याच क्षणी विचारलं गेलं असतं. म्हणून ती गप्प राहिली.

गिरणीत माझ्यापुढं फक्त तीन डबे होते. गहू संपले होते, ज्वारी सुरू झाली होती. सोमनाथनी मला रांगेत ठेवलं आणि चहाला निघून गेले.

मित्रांनो, गिरणी तुम्ही बघितली असेल. धान्य वरच्या तोंडात ओततात, ते खाली दोन दगडांमध्ये जातं. त्या दगडांना परवाच नवीन टाकी लावली होती, म्हणजे छिन्नीनं खरबरीत केलं होतं. लीलाबाईंची सवय अशी की, धान्य ओतताना डावा हात त्या तोंडात घालून दाणे सारखे पुढं ढकलायचे. तीस वर्षांची सवय. ज्वारीत मोबाईल असेल, त्यात बॅटरी असेल, ती दगडाखाली दाबली गेली तर भडका उडेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मला मात्र माझ्या पोटातलं ओझं माहीत होतं.

पहिला डबा झाला. दुसरा झाला. मोबाईल थरथरायला लागला, टीम बोलावत होती. गिरणीच्या घरघरीत तो कुणालाच ऐकू आला नाही. तिसरा डबाही झाला.

लीलाबाईंनी मला उचलून पट्ट्याजवळच्या कट्ट्यावर ठेवलं आणि झाकणाला हात घातला. झाकण निघेना. त्यांनी जोर लावला. निघेना. "काय बाई हा रत्नमालाचा डबा," त्या पुटपुटल्या. रांगेतले एक म्हातारे चाचा म्हणाले, "आराम से, बहनजी, हात कट जाएगा." लीलाबाईंकडं मदतीला कुणी नसतं, त्या स्वतःच आत जाऊन झाकण उचकटायला पेचकस शोधू लागल्या. लोक म्हणतात, पत्रा दबला होता म्हणून झाकण अडलं. म्हणू देत. मी सांगतो, मी अडलो होतो. जेवढा जीव या पत्र्यात आहे तेवढा सगळा लावून मी ते झाकण धरून ठेवलं होतं.

घरी सोनिया काय करत होती, हे तिनं त्या रात्री जेवताना स्वतः सांगितलं. आधी तिला वाटलं, गेला तर गेला मोबाईल. आपलं बिंग तरी फुटणार नाही. मग तिला एका चित्रफितीतली फुगून पेटलेली बॅटरी आठवली. आणि त्यानंतर लीलाबाईंचा डावा हात आठवला. शहरात आल्यापासून आईबरोबर गिरणीत गेली की ती त्या हाताकडंच बघत राहायची. ती अनवाणी धावत सुटली.

ती पोचली तेव्हा पेचकसानं झाकण उचकटलं गेलं होतं. मी लीलाबाईंच्या खांद्यावर तिरपा झालो होतो. ज्वारीची पहिली ओंजळ दगडांत गेली होती. त्यांचा डावा हात आत होता. सोनियानं तो मनगटाला धरून बाहेर ओढला.

"मावशी, ओतू नका. त्यात मोबाईल हाय."

लीलाबाईंनी मला खाली ठेवलं आणि बटण बंद केलं. पट्टा थांबला. इतकी शांतता झाली की माझ्यातली थरथर सगळ्यांना ऐकू आली. त्यांनी हात घालून दुधाची पिशवी वर काढली. रांगेतल्या बायका आधी हसल्या, मग बॅटरीचं कुणीतरी बोललं आणि हसू थांबलं.

लीलाबाईंनी आपला डावा हात एकदा उलटसुलट करून बघितला. मग विचारलं, "यात हाय, हे तुला कसं माहीत? आईनं सांगितलं व्हय?"

मित्रांनो, खोटं किती सोपं होतं बघा. 'व्हय' म्हटलं असतं की संपलं. शाबासकी मिळाली असती वर. मी तिच्याकडं बघत होतो. तिचं तोंड उघडलं, तो शब्द ओठावर आला. आणि मागं सोमनाथ येऊन उभे राहिलेले तिला दिसले.

"नाय," ती म्हणाली. "आईनं मला कायच सांगितलं नाय. मीच रोज काढते. रोज दुपारी खेळते आणि पुन्हा ठेवते. आज मला आधीच बोलायचं होतं, मी बोलले नाय."

सोमनाथ पुढं आले. मग एवढंच म्हणाले, "माझ्या घरात डब्याला सगळं ठाऊक हाय, मलाच कोणी काय सांगत नाय."

लीलाबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी एक पोतं सरकवलं, सोनियाला बसवलं आणि म्हणाल्या, "काय असतं गं त्या खेळात? कामून एवढा जीव लागतो?" थट्टा नव्हती, खरंच विचारत होत्या. सोनिया सांगू लागली. नकाशा, टीम, कॅप्टन. लीलाबाई ऐकत होत्या, मधे मधे शंका विचारत होत्या. सोमनाथ माझ्या शेजारी उभे राहून ऐकत होते. आपली लेक कॅप्टन आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पाच कधीच वाजून गेले होते.

रत्नमालाला घरी कळलं तेव्हा ती ओट्याला टेकून खाली बसली. ती ओरडली नाही. "मी शेजारणीला सांगत फिरले, पोरगी सुधारली म्हणून," म्हणाली आणि रडायला लागली.

"तू लपवलास म्हणून मी लपवला," सोनिया म्हणाली.

"मग काय करायचं होतं मी?"

"इचारायचं होतं."

"काय इचारायचं?"

तेव्हा त्या 'लई'ची गोष्ट बाहेर आली. दोन वर्षं पोरीनं ती छातीशी धरली होती. रत्नमाला ऐकत राहिली. माझ्यासमोर बसलेल्या त्या मायलेकींकडे बघून मला वाटलं, आपल्या पोटातला मोबाईल एकदाचा निघाला.

आता तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून सोनिया सुधारली. नाही सुधारली. गोष्टीत तसं होतं, घरात होत नाही. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले. तिचे हात चुळबुळ करायचे, झोप लागायची नाही, विनाकारण रडू यायचं. ओळखीच्या बाईंनी सांगितलं म्हणून रत्नमाला सोमनाथना सोबत घेऊन तिला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. जिन्यात शेजारीण कुजबुजली, "पोरगी वेडी झाली का काय?" रत्नमालानं तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर दिलं, "ताप आला की डॉक्टरकडं नेतोच ना आपण." मला त्या दिवशी रत्नमालाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. मॅडमनी तिघांनाही समोर बसवलं आणि तिघांनाही त्यांच्या मोबाईलचे तास विचारले. सोमनाथ खाली बघू लागले. जेवून झाल्यावर झोप येईपर्यंत त्यांचा अंगठा चालूच असायचा.

आता घरात मोबाईल लपवत नाहीत. तिघांचेही संध्याकाळी माझ्या बंद झाकणावर ठेवलेले असतात, उघडे, सगळ्यांच्या नजरेसमोर. सोनियाला खेळायला ठरलेला एक तास मिळतो. एकदा घसरली ती. चाचणीच्या आठवड्यात दुपारी पुन्हा तीन तास खेळली. पण संध्याकाळी आई आली, तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं. रत्नमालाचा चेहरा पडला, पण तिनं विचारलं, "आज शाळेत काय झालं व्हतं?" आणि खरंच काहीतरी झालं होतं.

आई-बापांनो, तुम्हीही ऐकत असाल तर एक सांगतो. लेकराच्या हातातून वस्तू काढून घेणं सोपं आहे, डब्यात घालणं त्याहून सोपं. त्याला काय हवंय ते विचारणं अवघड आहे, आणि ते डबा करू शकत नाही. ते तुमचं काम आहे, माझ्यावर ढकलू नका. आणि मुलांनो, तुम्हाला खेळ आवडतो, आवडू दे. पण खेळासाठी लपवाछपवी सुरू झाली, घरी आलेले नाना दिसेनासे झाले, की समजा आता तुम्ही खेळत नाही आहात. तेव्हा कुणाला तरी सांगा. ओरडा बसला तरी सांगा.

मागच्या महिन्यात सोमनाथ म्हणाले, "करमाडला चाललोच हाय, डबा पत्रेवाल्याकडून ठोकून आणतो. झाकण तरी नीट उघडंल." मी हादरलो. सोनियानं पुस्तकातून मान वर केली. "नको पप्पा," ती म्हणाली. "तो पोचा मी पाडलाय. राहू द्या तसाच." तिनं तो विषय पुन्हा निघूच दिला नाही.

दर शनिवारी आता तीच मला गिरणीत नेते. मला रांगेत ठेवून घरी जात नाही, शेजारच्या पोत्यावर बसून राहते. माझा नंबर आला की लीलाबाई बटणाकडं जाण्याआधी सगळ्यांदेखत विचारतात, "सोनिया, बघितलं का? काही हाय का पोटात?" बायका हसतात. सोनियाही हसते. मग पोच्याच्या शेजारी ती एक मूठ मारते, झाकण पहिल्याच फटक्यात निघतं, आणि कोपरापर्यंत हात घालून ती माझा तळ चाचपून बघते. वर काढून मूठ उघडते.

"ज्वारीच हाय, मावशी," ती म्हणते. "ओता."